आपली काउंटी कोणती

छताला एक दांडी आहे. ती फिरवली की
वर अँटेना उभा राहतो. एल्डन ती फिरवतो
दर मुक्कामी, पाण्याची नळी जोडायच्याही आधी.
मी टीव्हीसमोर. माझं काम ओरडायचं.
आलं. गेलं. आलं, आलं, थांब, गेलं.
एकेचाळीस वर्षांच्या संसारात
याहून सरळ बोलणं आमच्यात झालेलं नाही.

मग तो कपड्यांचा लाल चिमटा
स्टिअरिंगला लावून ठेवतो:
निघताना अँटेना खाली घ्यायची आठवण.
दोन अँटेना मोडलेत त्याने आजवर,
एक आयोवातल्या अक्रोडाखाली. दुसरा कुठे
ते तो सांगत नाही.

मिनेसोटातलं घर विकलं तेव्हा मुलगी म्हणाली,
तळ्याकाठी बसून टीव्हीच बघायचा, तर जाता कशाला?
मला उत्तर सुचलं नव्हतं. अजूनही नीटसं सुचत नाही.
पण नेब्रास्कातल्या या तळ्यावर तीनच चॅनल लागतात
आणि एकावर असतात परक्या गावांच्या बातम्या.
डुकरांचे भाव. शाळेच्या पोरी पुन्हा सामना हरल्या.
वाचनालयाचं छप्पर गळतंय, वर्गणी कमी पडतेय.
मिलबर्गचा लेस्टर वॉबोरिल
साठ वर्षांनी केस कापायचं दुकान बंद करतोय.
रिकाम्या खुर्चीत तो स्वतःच बसला
आणि गोल फिरला एकदा, कॅमेऱ्यासाठी.
एल्डन म्हणाला, उद्या जाऊन केस कापून येऊ का?
डोक्यावर किती उरलेत, ते मी बोलले नाही.

काल रात्री त्याच चॅनलवर नकाशा आला
आणि हललाच नाही.
हवामानवाल्या पोराने कोट काढला, बाह्या सारल्या,
लाल चौकटीतल्या काउंट्यांची नावं वाचू लागला, सावकाश,
वर्गात हजेरी घ्यावी तशी.
एल्डनने विचारलं, यातली आपली कोणती?

विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, खरं आहे,
पण विंचवाला कोणी जिल्हा विचारत नाही.
आम्हाला हायवेचा नंबर ठाऊक, तळ्याचं नाव ठाऊक,
आमची जागा सतरा, गरम पाण्याला किती नाणी लागतात तेही.
शेवटी कॉफीच्या डब्याखाली पावती मिळाली.
दोन रात्रींचे बावन्न डॉलर, खाली बारीक अक्षरांत
टोलंड काउंटीचा कर, एक डॉलर चार सेंट.
टोलंड, मी म्हटलं.
टोलंड, तो म्हणाला,
नव्या नातवाचं नाव पहिल्यांदा उच्चारावं तसा.
आणि त्या पोराने बोट ठेवलं: टोलंड, उत्तर भाग.

गाडी हलायला लागली. कपाटात बशा बोलू लागल्या.
वर अँटेना कण्हत होता.
खाली घे, मोडेल, मी म्हटलं.
खाली घेतला तर हा जाईल, एल्डन म्हणाला,
जणू ते पोर वाऱ्यात बाहेर उभं होतं
आणि दार आमच्या हातात.

दारावर थाप. सोळा नंबरची बाई, चिंब,
काखेत कुत्रं. न्हाणीघर सिमेंटचं आहे, चला.
मग थांबून, आपली काउंटी कोणती हो?
टोलंड! एल्डन म्हणाला, छाती काढून.
उत्तर की दक्षिण?
यावर आम्ही तिघं एकमेकांकडे पाहत राहिलो.

न्हाणीघरात अकरा माणसं, दोन कुत्री,
एक बाळ जे झोपेतून उठलंच नाही.
दाराच्या फटीतून मला आमची खिडकी दिसत होती,
निळी, हलती. आत तो अजून नावं वाचत असणार
आमच्या रिकाम्या सोफ्याला.

आम्ही दक्षिण होतो.

सकाळी टीव्ही चालूच होता. अँटेनाही शाबूत, थोडा वाकडा.
पडद्यावर मिलबर्गचा रस्ता: विटा, एक गादी झाडावर,
वाचनालय, ज्याचं छप्पर आता गळणार नाही.
मी कॉफी ओतायची विसरून
ती खुर्ची शोधत होते.
कॅमेरा वळला. पुन्हा वळला. डुकरांचे भाव नव्हते आज.

एल्डनने नळी गुंडाळली, गाडी सुरू केली,
आणि चिमटा बोटाला लागला म्हणून परत आत आला.
दांडी फिरवली, हळू, एरवीपेक्षा हळू.
रस्ता चौकोन चौकोन होत फुटला, मग नुसता निळा पडदा.
गेलं, मी म्हटलं.
सवयीने.